रेगेच्या नादापासून जागतिक कारकिर्दीपर्यंत: ड्रमवादक स्लाय डनबार यांचे उदाहरण

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा पंधरा वर्षांचा आहे, ड्रम शिकतो आहे, गेल्या वर्षभरात त्याला रेगे या जमैकन संगीताचा नाद लागला आहे, आणि घरात बॉब मार्लीखेरीज या संगीतातले कोणाचेच नाव माहीत नसल्यामुळे, लहानपणीच्या आवडीपासून आंतरराष्ट्रीय कारकिर्दीपर्यंतचा रस्ता प्रत्यक्षात कसा असतो, हे एखाद्या खऱ्या उदाहरणावरून आपल्याला समजून घ्यायचे आहे. मी व्यवसायाने ड्रमवादक आहे, ध्वनिमुद्रणासाठी वाजवतो आणि शिकवतोही. त्यामुळे हे उत्तर वादकाच्या खुर्चीवरून दिलेले आहे, हे आधीच सांगतो.

मार्ली यांचे उदाहरण मी मुद्दाम बाजूला ठेवतो. गायकाच्या उत्कर्षात आवाज, चेहरा, शब्द आणि काळ यांची अशी सरमिसळ झालेली असते की त्यातले शिकण्यासारखे किती आणि दैवाचे किती, हे वेगळे काढता येत नाही. वादकाच्या बाबतीत ते बरेचसे काढता येते, कारण त्याची प्रगती वर्षावर्षाने तबकड्यांवर उमटलेली असते आणि ती आजही ऐकता येते. म्हणून मी लोवेल डनबार, म्हणजे सगळे जग ज्यांना स्लाय डनबार म्हणून ओळखते, यांची वाटचाल निवडतो. जमैकाची राजधानी किंग्स्टन येथे १० मे १९५२ रोजी त्यांचा जन्म झाला. अमेरिकेतील ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ या वाद्यवृंदाचे वेड इतके होते की त्यावरूनच त्यांना ‘स्लाय’ हे नाव पडले आणि ते जन्मभर चिकटले.

त्यांचे बालपण ज्या गावात गेले, त्याविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. संपूर्ण जमैका हा देश आकाराने आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षाही लहान आहे, आणि १९६२ मध्ये तो स्वतंत्र झाला तेव्हा स्लाय दहा वर्षांचे होते. त्या काळात किंग्स्टनमध्ये गाणी प्रामुख्याने ‘साउंड सिस्टिम’वर, म्हणजे मोकळ्या जागेत रचलेल्या प्रचंड स्पीकरच्या भिंतींवर ऐकली जात, कोणाची तबकडी नवी आणि कोणाचा खर्ज दणदणीत यावरून वस्त्यावस्त्यांत चढाओढ चाले. याच स्पर्धेपोटी नव्या गाण्यांची भूक कधी भागत नसे आणि स्टुडिओंना उसंत नसे. स्का या चालीचे संगीत तेव्हा जोरात होते. १९६६ च्या सुमारास त्याची लय मंदावून रॉकस्टेडी आले आणि १९६८ च्या आसपास त्यातून रेगे घडले. म्हणजे स्लाय यांच्या शाळकरी वयात हे संगीत अजून तयार होत होते, आणि ते तयार करणारी माणसे त्याच शहरात राहत होती.

त्यांतले एक म्हणजे ‘द स्कॅटलाइट्स’चे ड्रमवादक लॉइड निब. हा वाद्यवृंद १९६४ मध्ये उभा राहिला आणि १९६५ मध्ये मोडलाही, पण स्काचा सगळा पाया त्याने घातला. निब हेच आपले गुरुस्थान, असे स्लाय यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. त्याच्या जोडीला अमेरिकेच्या मेम्फिसमधील अल जॅक्सन आणि फिलाडेल्फियाच्या सोल (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे लोकप्रिय गायनसंगीत) परंपरेतले वादक हेही त्यांनी कान देऊन ऐकले. वयाच्या पंधराव्या वर्षी ते ‘यार्डब्रूम्स’ नावाच्या एका वाद्यवृंदात वाजवू लागले. आपल्या मुलाचे वय तेवढेच आहे म्हणून एक गोष्ट लक्षात आणून देतो: या वयात स्लाय यांच्यापाशी रेगेबाहेरचे ऐकणे भरपूर होते, आणि पुढे त्यांनी रेगेत जे काही नवे आणले, त्याची बरीचशी शिदोरी याच ऐकण्यातली होती. जो मुलगा फक्त रेगेच ऐकतो, तो फार तर चांगली नक्कल करतो.

अठराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी विन्स्टन रायली या निर्मात्यासाठी एका गाण्यावर ड्रम वाजवले. डेव्ह आणि अँसिल कॉलिन्स यांच्या नावाने निघालेले ‘डबल बॅरल’ हे ते गाणे १९७१ मध्ये ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेले. एखाद्या चित्रपटात इथून पुढे विमानतळाचा प्रसंग आला असता. प्रत्यक्षात तबकडीवर नाव गायक-वादक जोडीचे होते, आणि ड्रम कोणाचे आहेत हे ती विकत घेणाऱ्याला ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. परदेशात पहिल्या क्रमांकावर वाजलेला हा ड्रमवादक किंग्स्टनच्या रेड हिल्स रोडवरील ‘टिट फॉर टॅट’ या क्लबमध्ये ‘स्किन, फ्लेश अँड बोन्स’ या वाद्यवृंदाबरोबर रोज रात्री साथ करीत राहिला. मला ही वर्षे त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोलाची वाटतात. क्लबमध्ये रात्रभर वाजवताना अमेरिकी सोल, स्थानिक गाणी, नाचाची, संथ, फर्माइशीची अशी सर्व तऱ्हेची गाणी अंगावर घ्यावी लागतात, आणि नाचणारी माणसे खाली बसली की ठेका कुठे सैल पडला ते त्याच क्षणी कळते. हे शिक्षण वर्गात मिळत नाही.

त्याच रस्त्यावर, काही दारे सोडून, दुसऱ्या एका क्लबमध्ये रॉबी शेक्सपिअर नावाचा तरुण बेस गिटार वाजवत होता. रॉबी १९५३ चे. मार्लींच्या ‘वेलर्स’चे बेसवादक ॲस्टन बॅरेट, ज्यांना सगळे ‘फॅमिली मॅन’ म्हणत, त्यांच्या हाताखाली ते तयार झाले होते. दोघे मधल्या सुट्टीत एकमेकांचे वादन ऐकायला जाऊ लागले आणि पुढे स्टुडिओत एकत्र आले. ही जोडी रॉबी यांच्या २०२१ मधील निधनापर्यंत टिकली. रेगेत ड्रम आणि बेस यांचे नाते आपल्याकडच्या तबला-डग्ग्याइतके जवळचे असते. दोन वेगळी वाद्ये असूनही ऐकणाऱ्याच्या कानावर एकच बोल पडावा लागतो. रॉबी भेटले नसते तर स्लाय हे किंग्स्टनमधील अनेक उत्तम ड्रमवादकांपैकी एक राहिले असते, असे माझे मत आहे.

आता ज्या जागी त्यांची खरी घडण झाली, त्या स्टुडिओविषयी. मॅक्सफिल्ड अव्हेन्यूवर हूकिम या चिनी-जमैकन बंधूंनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘चॅनल वन’ हा स्टुडिओ काढला. तिथल्या कायमच्या वादकसंचाला ‘द रेव्होल्यूशनरीज’ म्हणत, आणि त्याच्या ड्रमवर स्लाय असत. जमैकन पद्धतीत वादक आधी नुसता ठेका आणि खर्ज यांचा सांगाडा मुद्रित करतात. त्याला तिथे ‘रिडिम’ म्हणतात. मग त्याच रिडिमवर एकामागून एक गायक आपापली गाणी म्हणतात, त्यातले आवाज काढून आणि प्रतिध्वनी घालून ‘डब’ आवृत्ती निघते, आणि जुना लोकप्रिय रिडिम नव्याने वाजवून पुन्हा बाजारात येतो. ‘स्टुडिओ वन’ या आधीच्या पिढीच्या स्टुडिओतले कित्येक रिडिम चॅनल वनमध्ये असे नव्याने घडवले गेले. जुनीच चाल, पण ड्रम नवे: म्हणजे फरक दाखवायची सगळी जबाबदारी स्लाय यांच्यावर होती.

हा फरक काय होता, हे जवळून पाहण्यासारखे आहे. रेगेचा मूळ ठेका ‘वन ड्रॉप’ म्हणून ओळखला जातो. चार मात्रा मोजा. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर गिटारचा तुटक आघात येतो. तिसऱ्या मात्रेवर पायातला बेस ड्रम आणि डाव्या हाताची काठी, स्नेअर या समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमच्या कडेवर आडवी ठेवून मारलेली, दोन्ही एकाच क्षणी पडतात. पहिली मात्रा रिकामी. समेवर येण्याची सवय जडलेल्या आपल्या कानाला हे फार चमत्कारिक वाटते, आणि आपल्याकडील नवशिके नेमके इथेच घसरतात; समेवर पाय आपोआप पडतो आणि सगळा डौल जातो. वेलर्सचे कार्लटन बॅरेट, म्हणजे फॅमिली मॅन यांचे बंधू, हे या ठेक्याचे सर्वश्रेष्ठ वादक होते, आणि १९७० च्या दशकाच्या मध्यावर त्यांच्यासारखे वाजवणे हीच उत्तम रेगे वाजवण्याची व्याख्या होती.

स्लाय यांनी त्या वाटेवर गर्दी केली नाही. ‘मायटी डायमंड्स’ या त्रिकुटाच्या ‘राइट टाइम’ या गाण्यात, ज्याच्या नावाचा संग्रह १९७६ मध्ये आला, त्यांनी बेस ड्रम अधिक भरघोस चालवला, हाय-हॅटला, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीला, सोलमधल्यासारखी धार दिली, आणि स्नेअरच्या कडेवर एक झटपट जोडठोक टाकली. ती ठोक ऐकून इतर वादकांना ती माणसाने वाजवलेली वाटलीच नाही. स्टुडिओतल्या यंत्राने काढलेला आवाज असावा असा त्यांचा समज झाला, असे खुद्द स्लाय यांनी सांगितले आहे. थोड्याच काळात सगळे तसे वाजवू लागले. ही शैली ‘रॉकर्स’ या नावाने रूढ झाली आणि काही काळ किंग्स्टनमधला प्रत्येक स्टुडिओ तिच्यामागे धावला. त्या जोडठोकीत तंत्राचा अवघडपणा फार आहे असे नाही, आपला मुलगाही ती महिन्याभरात बसवील. अवघड आहे ते वेगळेच: सगळे गाव एका थोर वादकाच्या मागे चाललेले असताना, रोजच्या धंद्याच्या मुद्रणात, निर्माता घड्याळाकडे पाहत असताना, कानात साठलेले सोल रेगेच्या मधोमध आणून ठेवणे आणि तरीही नाचणाऱ्याचा पाय चुकू न देणे.

या कामाचा मोबदला मात्र फारसा नव्हता. वादकांना गाण्यामागे ठरलेली रक्कम मिळे, आणि ते गाणे पुढे लंडनमध्ये लाखांनी विकले गेले तरी मुद्रणाचा हक्क निर्मात्याकडे राही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या वादकांच्या पिढ्यांनी याच पद्धतीने काम केले आणि श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच आली, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. स्लाय आणि रॉबी यांची गोष्ट इतर असंख्य साथीदारांपेक्षा वेगळी झाली ती याच मुद्द्यावर. त्यांनी ‘टॅक्सी’ हे स्वतःचे लेबल उभे केले, स्वतःचे रिडिम स्वतःच्या मालकीने मुद्रित करायला सुरुवात केली आणि गायकांना आपल्याकडे बोलावले. ग्रेगरी आयझॅक्स यांच्यासारखा लोकप्रिय गायक १९७९ मध्ये टॅक्सीसाठी गात होता. रोजावर वाजवणारे दोन वादक आता निर्माते झाले होते. माझ्या मते त्यांच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीची खरी सुरुवात इथे आहे. विमानप्रवास त्याच सुमारास घडला म्हणून तो नजरेत भरतो एवढेच.

तो प्रवास घडवला पीटर टॉश यांनी. वेलर्समधून बाहेर पडलेल्या टॉश यांच्या वाद्यवृंदात ही जोडी होती, आणि १९७८ मध्ये टॉश अमेरिकेत ‘रोलिंग स्टोन्स’च्या कार्यक्रमांआधी गात तेव्हा मागे ड्रम आणि बेस यांचेच होते. रॉक ऐकायला आलेल्या हजारो माणसांसमोर, जी तुमची वाट पाहत नाहीत, रोज अर्धा-पाऊण तास उभे राहणे ही कोणत्याही वादकाची कठोर परीक्षा असते.

यानंतरची यादी इतकी लांब आहे की मी निवडक सांगतो. ‘ब्लॅक उहुरू’ या गायकवृंदाला त्यांनी टॅक्सीच्या आवाजात घडवले. रॉबी यांचा जड बेस आणि स्लाय यांचे इलेक्ट्रॉनिक ड्रम यांमुळे ते रेगे कारखान्यातल्या यंत्रासारखे धडधडते. रेगेसाठी ग्रॅमी पुरस्कार पहिल्यांदा १९८५ मध्ये दिला गेला, तो याच वृंदाच्या ‘अँथम’ या संग्रहाला. जुन्या पठडीतले अनेक वादक इलेक्ट्रॉनिक ड्रमकडे नाक मुरडत होते त्या काळात स्लाय यांनी ते हौसेने स्वीकारले. मला स्वतःला त्यांचे चॅनल वनमधले विजेविना वाजणारे साधे ड्रम अधिक आवडतात, पण ती माझी आवड झाली.

दुसरा धागा बहामाजमधील नासाऊजवळच्या ‘कंपास पॉइंट’ या स्टुडिओचा. आयलंड रेकॉर्ड्सचे क्रिस ब्लॅकवेल यांनी तो उभारला होता, आणि १९८० मध्ये ग्रेस जोन्स या जमैकात जन्मलेल्या गायिकेसाठी त्यांनी तिथे एक वादकसंच जमवला: ड्रम-बेसला किंग्स्टनची ही जोडी, कीबोर्डवर वॅली बदारू, आणि इतर. स्टुडिओच्या भिंतीवर जोन्स यांचे एक भले मोठे छायाचित्र लावून, हा चेहरा जसा दिसतो तसे वाजवा, असे आपण वादकांना सांगितल्याचे ब्लॅकवेल यांनी नमूद केले आहे. त्यातून निघालेले १९८० ते १९८२ मधील तीन संग्रह ना धड रेगे आहेत, ना डिस्को, ना रॉक, आणि पुढच्या नृत्यसंगीतावर त्यांची छाप अजून दिसते. यार्डब्रूम्सच्या काळात ऐकलेले फिलाडेल्फिया इथे पुन्हा कामी आले.

त्याआधी १९७९ मध्ये फ्रान्सचे गायक सर्ज गँझबूर किंग्स्टनला आले होते आणि त्यांनी स्लाय-रॉबी यांच्या साथीने फ्रेंच राष्ट्रगीत रेगेच्या ठेक्यावर म्हटले. फ्रान्समध्ये त्यावरून मोठे वादळ उठले, माजी सैनिक त्यांच्या कार्यक्रमाला विरोध करायला उभे राहिले. बॉब डिलन यांनी १९८३ च्या ‘इन्फिडेल्स’ या संग्रहासाठी ड्रम आणि बेसला याच दोघांना घेतले. त्यात रेगे फारसे नाही, पण ताल मात्र जमिनीत रुतल्यासारखा स्थिर आहे. या निमंत्रणांकडे पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. लंडनला किंवा न्यूयॉर्कला जाऊन दारे ठोठावण्याची वेळ त्यांच्यावर फारशी आली नाही. किंग्स्टनमध्ये तयार झालेल्या मुद्रणांनी आधीच त्यांची ओळख करून दिली होती, आणि जग स्टुडिओचा पत्ता शोधत आले.

नव्वदच्या दशकात डान्सहॉलचा, म्हणजे रेगेतून निघालेल्या नाचाच्या संगीताचा, जोर झाला तेव्हा त्यांच्या वयाचे बहुतेक वादक मागे पडले, हे दोघे पडले नाहीत. १९९२ च्या सुमारास चाका डेमस आणि प्लायर्स या जोडीसाठी त्यांनी केलेल्या ‘बॅम बॅम’ रिडिममध्ये भांगड्याचा रंग आहे असे तेव्हापासून म्हटले जाते, आणि आपल्या मुलाने तो ऐकला तर त्याला ढोलाची ओढ चटकन ओळखू येईल. याच जोडीच्या गाण्याने १९९४ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक गाठला. २००१ मध्ये ‘नो डाउट’ या अमेरिकी वृंदाच्या संग्रहातील दोन गाजलेली गाणीही त्यांच्याच निर्मितीतली आहेत.

आता आपल्या मुलाविषयी. त्याला सर्वप्रथम मार्लीबाहेर काढा. गोव्याच्या शॅकमध्ये दिवसभर फिरून फिरून लागणारी तीच पंधरा-वीस गाणी म्हणजे रेगे नव्हे, आणि लाल-पिवळ्या-हिरव्या टोप्यांचा ड्रम वाजवण्याशी काही संबंध नाही. स्कॅटलाइट्सपासून सुरुवात करून लॉइड निब, कार्लटन बॅरेट आणि मग स्लाय असा क्रम ठेवावा, कारण मागच्याने काय केले हे ठाऊक असल्याखेरीज पुढच्याने काय बदलले ते ऐकू येत नाही. सोबत अल जॅक्सन हवेतच.

रियाजासाठी मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारे यंत्र, मिनिटाला ७२ च्या आसपास लावून नुसता वन ड्रॉप दहा मिनिटे, एकही भरणी (ठेक्यामधला जादा तुकडा) न टाकता वाजवायला सांगा. तिसऱ्या मात्रेवर काठी आणि पाय यांचा एकच आवाज आला पाहिजे; दोन आवाज जरासे जरी फुटले तरी मुद्रणात ते उघडे पडतात. बेस ड्रममध्ये जुनी चादर घालून त्याचा घुमार मारावा आणि स्नेअर जरा चढी लावावी. त्या काळच्या तबकड्यांतला कोरडा, टणक आवाज असाच येतो. दर आठवड्याला मोबाइलवर मुद्रण करून दुसऱ्या दिवशी ऐकावे, त्याच दिवशी नाही, कारण वाजवून झाल्यावर लगेच ऐकले की आपल्याला आपला हेतू ऐकू येतो, वादन नाही.

त्याला एक बेसवादक शोधून द्या, आणि शक्यतो त्याच्याच वयाचा. शिक्षकाबरोबर वाजवण्याने हात सुधारतो, पण ताल मुरतो तो बरोबरीच्या साथीदारासोबत वर्षानुवर्षे वाजवून. पुढे कोणी स्टुडिओत बोलावले तर पैसे कमी मिळाले तरी चालतील; मुद्रणावर वादक म्हणून नाव येणार का, आणि ते मुद्रण पुन्हा कुठे वापरले तर त्याचा वाटा मिळणार का, या दोन गोष्टी मात्र वाजवण्याआधी लेखी घ्याव्यात, आणि मूळ मुद्रणाची एक प्रत स्वतःकडे ठेवावी.